शिंपली फसफसली, तांबडा दगड गप्प

परवा तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, तर शिंपल्या टाकायच्या आधी एकीचा चुरा करून त्यावर घरचं माडाचं व्हिनेगर ओतलं. बारीक बारीक बुडबुडे यायला लागले (शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो) आणि भाची बघतच राहिली. मग ती धावत परसात जाऊन खाणीवरचा तांबडा दगड घेऊन आली, त्यावर ओतलं तर काहीच नाही. "मामा, ह्यात नाही का तो गॅस?"

ताट तसंच राहिलं आणि मी तिला सिडेराइट सांगत बसलो, म्हणजे लोखंडाचं कार्बोनेट. आपल्या गोव्यात लोहखनिज म्हटलं की हेमटाइटच, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, त्यात कार्बोनेट नाही, टिपर आणि बार्जमधून आपण तेच जाताना बघितलंय. पण ऑस्ट्रियात एर्झबर्ग म्हणून डोंगर आहे, पायऱ्या पाडत कापलेला, तिथलं खनिज सिडेराइट. शुद्ध असेल तर त्यात साधारण 48 टक्के लोखंड असतं, हेमटाइटमध्ये 70.

पण ते बनतं कसं हे मला जास्त भारी वाटतं. 250 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात ऑक्सिजन जवळपास नव्हताच, त्यामुळे लोखंड पाण्यात विरघळून राहायचं, आज विरघळलं की लगेच गंजतं तसं नाही. त्यातलं थोडं वरच्या पाण्यात सूक्ष्मजीवांमुळे गंजून तळाला बसायचं आणि सोबत मेलेले सूक्ष्मजीवही. मग चिखलातले जिवाणू ऑक्सिजनच्या जागी तो गंजच वापरून मेलेलं पचवायचे, त्यातून कार्बोनेट सुटायचं, लोखंड परत विरघळायचं, आणि दोघं चिखलातच जुळून सिडेराइट व्हायचं. म्हणून अशा जुन्या सिडेराइटमधला कार्बन समुद्राच्या पाण्यातल्या कार्बनपेक्षा हलका भरतो, म्हणजे त्यात कार्बनच्या हलक्या अणूंचं प्रमाण जास्त असतं, तो एकेकाळी जिवंत होता!

सिडेराइट बनायची दुसरी वाट म्हणजे जमिनीखालचं गरम खारं पाणी चुनखडकात शिरतं आणि कॅल्शियम काढून त्याच्या जागी मॅग्नेशियम नाहीतर लोखंड बसवतं. डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कार्बोनेट, बराचसा असाच होतो, आणि शिसं-जस्त बऱ्याचदा अशाच खडकांत सापडतं, राजस्थानात जावरला बघा.

गोव्यात? डिचोलीच्या नावाचा एक खडकसमूहच आहे, त्यात पट्टेदार लोहखनिजासोबत चुनखडकाचेही थर आहेत. पण आपला पाऊस असा की उघड्यावर आलेलं कार्बोनेट टिकत नाही, विरघळून जातं, आणि सिडेराइट तर गंजून तपकिरी होतं, त्यामुळे परसातला दगड गप्प राहणारच होता.

मग काल तिला एका केमिस्ट्रीच्या मास्तरांच्या लॅबमध्ये नेलं, त्यांच्याकडे सिडेराइटचा तुकडा आहे, तपकिरी, हातात घेतला की आकाराच्या मानाने चांगलाच जड. त्यांनी पातळ ॲसिड टाकलं, थंड होतं तोवर काही नाही. कोमट केल्यावर मात्र कडेकडेने एकेक बुडबुडा सुटायला लागला, सावकाश, आणि भाचीने नाक अगदी काचेला लावलं, तिला मागे ओढावं लागलं.