पाठकोरं

मंगळवार, रात्री पावणेबारा

डोळे मिटले की भाऊजींचं अक्षर दिसतंय. सुंदर, उजवीकडे जरासं कललेलं, बँकेत पस्तीस वर्षं मुरलेलं. जगताप ५०१. शेजारच्या काकू १०१ + नारळ. ऑफिस ग्रुप २५००.

झालं तसं काहीच नाही. रविवारी कराडला वन्संच्या ओंकारच्या लग्नाचा सत्यनारायण आटोपल्यावर सगळे सतरंजीवर बसलो, पाकिटं फोडायला. पत्रिकेवर ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ छापलं होतं, म्हणजे पाकिटं येणारच. वन्सं पाकीट उघडून आकडा मोठ्यानं सांगत होत्या, केतकी नोटा लावत होती (नव्या सुनेला चौथ्या दिवशी कॅशियर केलं), आणि लिहायचं काम अर्थातच भाऊजींचं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वही सापडेना. पुष्पगुच्छांच्या ढिगातून त्यांनी एक कार्ड ओढलं, उलटं केलं, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, “हे झकास आहे. पाठकोरं आहे.”

ते माझं होतं.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, “भाऊजी, जगताप दोनदा लिहिलेत.” त्यांनी एक खोडला. वर “वहिनींचं लक्ष असतं हं सगळीकडे,” अशी शाबासकीही दिली. सत्तावीस नावं झाली. पुढची बाजू तेवढा वेळ त्यांच्या मांडीवर, लेंग्याला चिकटून.

घरी येताना उंब्रजपर्यंत मी गप्प होते. मग ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “मग? उपयोगी पडलं की.”

उपयोगी. आता हाच शब्द दोन दिवस कुसळासारखा टोचतोय.

त्या कार्डाला चार संध्याकाळी गेल्या होत्या. पाच बाय सातचा हातकागद. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला, चिंध्यांच्या लगद्याचा, कडा ओबडधोबड. ही संस्था १९४० सालची. पुण्याला काही काम निघालं की मी तिथे चक्कर टाकतेच, आणि हे बाहेर रिक्षात बसून राहतात. कागदावर आधी जुन्या कॅलेंडरचे फाडलेले तुकडे, पाणी घातलेल्या फेविकॉलनं. ते वाळले की वर जेसो, म्हणजे रंगाखाली द्यायचा पांढरा लेप. विकतचा जेसो परवडत नाही असं नाही, पण मी घरीच करते: पांढरा ॲक्रिलिक, फेविकॉल आणि टाल्कम पावडर. सासूबाईंचे, माईंचे, पावडरचे दोन डबे तसेच राहिले होते, ते वापरतेय. ओला असताना खोलीत त्यांचा वास येतो. असो.

जेसो पातळ द्यायचा, म्हणजे खालची छपाई धुक्यातून दिसावी तशी दिसते. एका कोपऱ्यात ‘चंद्रोद’ एवढंच राहिलं होतं, ‘य’ फाटून गेलेला. ते मला इतकं आवडलं की त्याच्या आजूबाजूला मी काही केलंच नाही. बाकी हळदी रंग, त्यावर सुकलेल्या स्पंजनं थोडा पोपटी, आणि मधोमध कुयरी.

कुयरीचा ठसा पुण्याच्या बोहरी आळीतला. सागवानी आहे, कापड छापायचा. आरपार बारीक भोकं आहेत त्याला. आधी मला वाटलं कीड लागलीय, दुकानदार हसला. हवा बाहेर जायला असतात ती, नाहीतर हवा अडकते आणि छाप मध्ये कोरा राहतो. शेंडी तुटलेली म्हणून स्वस्तात मिळाला. ॲक्रिलिक लावून छापलं की ठसा लगेच नळाखाली धरून टूथब्रशनं घासावा लागतो. जरा फोन घ्यायला गेलं की रंग नक्षीत वाळून बसतो आणि मग टाचणी घेऊन टोकरत बसा. त्या कार्डाच्या वेळी फोन आला होता. मी घेतला नाही. लेकीचा होता. रात्री परत लावला तर ती मीटिंगमध्ये.

आणि खाली ‘सुखी राहा’. ते मी खोडरबरावर कोरलं. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलनं लिहायचं, कागद रबरावर पालथा घालून नखानं घासायचं, की अक्षरं आपोआप उलटी उतरतात आणि छापल्यावर सुलटी येतात. एवढं सोपं आहे. पण पहिल्या रबरात वेलांटी पुसली गेली, म्हणून ती मी अंदाजानं कोरली, नेहमीच्या हातानं, उजवीकडे. छापलं तर ‘सुखि’. माई असत्या तर आधी शुद्धलेखन दाखवलं असतं, मग लग्न. तिसऱ्या रबराला जमलं.

हे सगळं कशाला लिहितेय? कोणाला सांगायची सोय नाही म्हणून. हे एवढं सगळं त्या कार्डाच्या तोंडावर होतं आणि भाऊजींना दिसली ती पाठ.

पाठीचीही गंमत आहे. पुढून कागद, गोंद, रंग असे थर चढले की कार्ड वाळताना पापडासारखं वाकतं. म्हणून मागूनही जेसोचा एक हात द्यायचा. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की ते सरळ राहतं. मग रात्रभर पोळपाटाखाली, वर तांदळाचा डबा. तर पाठ अशी छान पांढरी, किंचित खरखरीत झाली होती, बॉलपेन सरसर चालावं अशी. थोडक्यात, भाऊजींसाठी कागद मीच तयार करून दिला.

आणि मी तिथे काही लिहिलं का नव्हतं? आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड म्हणून एक प्रकार आहे, पत्त्याच्या पानाएवढी कार्डं, अडीच बाय साडेतीन इंच. झुरिकच्या स्टिर्नेमान नावाच्या कलाकारानं १९९७ च्या सुमारास सुरू केला. त्याचा दंडक असा की विकायचं नाही, फक्त अदलाबदल, आणि मागे करणाऱ्यानं नाव आणि तारीख घालायची. मी अशी तीसेक केलीत. मागे नाव एकावरही नाही. अदलाबदल करायलाही कोण आहे म्हणा साताऱ्यात, पोवई नाक्यावर उभी राहू का? चपलांच्या खोक्यात आहेत. लग्नाच्या कार्डावर तरी नाव घालायला हवं होतं. पेन हातात घेतलंही होतं. वाटलं, आपण कोण एवढे, सही करायला. शिवाय माझं अक्षर.

सही असती तर त्यांनी ते घेतलं नसतं? घेतलं असतं. सहीच्या खालून सुरुवात केली असती.

खरं तर मला काय हवं होतं, तेच नीट धरता येत नाहीये. कोणीतरी “अय्या, हे घरी केलंत?” म्हणावं, एवढंच? ते म्हणतात की लोक. पुढचा प्रश्न “केवढ्याला देता?” असतो, आणि त्याचा मला याहून जास्त संताप येतो. मला बहुतेक असं हवं होतं की त्या कार्डाचा काही म्हणजे काही उपयोग असू नये आणि तरीही ते कोणी टाकू नये. हे लिहिल्यावर वाचून बघितलं. फारच मागणं आहे.

बुधवार, दुपार

सकाळी चिडून कामाला बसले. नवं काहीतरी करू, मोठं, ज्याच्या पाठीवर कोणाला वाणसामानाची यादीसुद्धा करता येणार नाही असं. कपाटातून माईंची जुनी कॅलेंडरं काढली. माई कॅलेंडर कधी टाकत नसत. दुधाचा हिशेब त्याच्यावरच. रोजच्या चौकटीत दीड, दोन, पाहुणे असले की तीन, आणि गवळी आला नाही किंवा नको सांगितलं की ‘खा’. खाडा. महिन्याच्या शेवटी बेरीज, खाली रेघ, खाली दुसरी रेघ.

१९९४ काढलं. जून होता, ऑगस्ट होता. जुलै नव्हता.

जुलै मीच फाडलाय. कधीतरी, तुकडे करायला. टेक्स्चर छान होतं म्हणून. त्या जुलैत सलग तीन दिवस खाडा होता. घरात दूध का आलं नाही ते मला माहीत आहे, माईंना माहीत होतं. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही, आणि त्यांनी त्या चौकटींत तीन वेळा ‘खा’ लिहिलं होतं, रोजच्यासारखंच, त्याच निळ्या पेननं. एवढी एकच नोंद होती त्याची जगात.

खोक्यातली सगळी कार्डं उजेडाला धरून बघितली. जेसोखालून छपाई धूसर दिसते, पेननं लिहिलेलं काही दिसत नाही, आणि ॲक्रिलिक वाळलं की पाण्यानं सुटत नाही. कुठल्या कार्डात तो जुलै गेला, आठवत नाही. कराडच्या कार्डात असू शकतो. नसूही शकतो.

मग चहा केला.

चहा पिताना लक्षात आलं की मी भाऊजींवर रुसलेय ते नेमकं कशावरून. त्यांनी माझ्या चित्राकडे पाहिलं नाही, कागद छान दिसला आणि वापरला. मी काय केलं? माईंच्या हिशेबाकडे पाहिलं नाही, कागद छान दिसला आणि वापरला. भाऊजींनी निदान माझ्यावर पांढरा रंग फासला नाही. त्यांनी लिहिलेलं सगळं वाचता येतंय, जगताप खोडलेले आहेत तेसुद्धा.

हे कळल्यावर फार बरं वाटलं असं नाही. थोडं हसू आलं, बस.

आणि आणखी एक. आहेराची यादी कोणी टाकतं का? आमच्या लग्नातली अजून आहे. प्रेशर कुकर पाच, भिंतीवरची घड्याळं चार, लेमन सेट मोजले नाहीत. कोणाकडे कार्य निघालं की ती यादी बाहेर येते, ह्यांचा चष्मा बाहेर येतो, आणि “त्यांनी आपल्याला किती दिले होते बघ” सुरू. १९९२ चे ५१ आजच्या हिशेबानं किती, यावर पाऊण तास. स्टिर्नेमानला झुरिकमध्ये जे सुचलं ते आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे: विकायचं नाही, फक्त अदलाबदल, आणि मागे नाव पाहिजे.

म्हणजे ओंकारच्या लग्नातली बाकीची कार्डं एव्हाना रद्दीत गेली असतील, चकाकी लावलेली, गाणं वाजणारी, सगळी. आणि माझं वन्संच्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांजवळ. जगतापांच्या मुलीचं लग्न निघेपर्यंत. पालथं, पण सुरक्षित. उपयोग झाला म्हणूनच टिकणार. काल रात्री मी मागितलं होतं त्याच्या बरोबर उलटं मिळालं, आणि तक्रार कोणाकडे करायची तेही कळत नाही.

बुधवार, रात्री

वन्संचा फोन. “अगं, एका पिशवीत अजून पाकिटं निघाली, कोल्हापूरकडची. यादी पुरली नाही. ते तुझं जाडं कार्ड होतं ना, तसलंच एक दे पाठवून. दोन्ही सारखी असली की फाइलला बरं.”

तुझं. म्हणजे माहीत होतं.

मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “पुढची कुयरी राहिली का हो नीट? भाऊजींच्या मांडीवर घासली गेली असेल.”

“कुयरी होय ती? मला राजहंस वाटला. केतकी म्हणते मासा आहे. काल जेवताना तेच चाललं होतं आमचं. भाऊजी म्हणाले, विचार वहिनींना. आणि ते ‘चंद्रोद’ काय गं? ओंकार म्हणाला, मुद्दाम असेल.”

मी म्हटलं, मुद्दामच आहे. शेंडी तुटलेली आहे ठशाची, हे सांगितलं नाही.

“किती नावं राहिलीत?” मी विचारलं.

“चौदा-पंधरा.”

तर आत्ता हातकागद कापून ठेवलाय. पेन सरसर चालावं म्हणून पाठीला या वेळी जेसोचे दोन हात दिलेत. पंख्याखाली वाळतोय, खोलीत पावडरीचा वास आहे. कॅलेंडरं परत कपाटात ठेवली. पुढच्या बाजूला काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.