तीन लिटरचं पिंप : सप्टेंबरची नोंद

रविवारी पिंप रिकामं केलं. मार्चमध्ये ३ लिटर व्हिस्की ओतली होती, बाहेर आली जेमतेम २.३. कमी भरली त्यातली थोडी लाकूड प्यायलं, बाकीची पुण्याच्या हवेने नेली.

मागचा हिशेब थोडक्यात. अमेरिकन ओकचं छोटं पिंप. जानेवारीत त्यात गोवन पोर्ट वाइन भरून सहा आठवडे ठेवली. मग ९ मार्चला पॉल जॉन ब्रिलियन्स या गोव्याच्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या चार बाटल्या. ब्रिलियन्स एवढ्यासाठी, की ती बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, जुन्या पिंपांतली, ४६ टक्क्यांची, सरळ वळणाची. पोर्टने नेमकं काय केलं ते तिच्यावर लगेच उमटतं. आपल्याकडे मिळते ती गोड वाइन म्हणजे पोर्तुगालमधल्या दुरोच्या खोऱ्यातली पोर्ट नव्हे, हे कबूल. पण पिंप हा शब्द मराठीत आला तोच पोर्तुगीज 'पीपा'वरून, आणि पोर्टचं साडेपाचशे लिटरचं 'पाइप'ही त्याच घरातलं. तेव्हा पाहुणी अगदीच परकी नव्हती.

आता आकडे. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, दर रविवारी सकाळी. भरल्या दिवशी ५,०१० ग्रॅम. मेअखेर ४,६१०. म्हणजे अकरा-बारा आठवड्यांत आतल्या मालाचा सातवा हिस्सा गेला! मे महिन्यात पुढच्या तबकडीखाली ओलसर डाग दिसला, हवेने फळ्या आक्रसल्या होत्या. मधमाशांचं मेण चोळलं आणि माठाला गुंडाळतात तसं ओलं फडकं बांधून टाकलं. आईने विचारलं, "काय मुरत घातलंयस?" मी म्हटलं, लोणचं. तिला खरं माहीत होतंच.

पाऊस सुरू झाला आणि काटा जवळजवळ थांबला. घरातली दारं फुगून बसतात तसं पिंपही फुगलं, गळती आपोआप बंद. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत फक्त १३० ग्रॅम घट. गंमत दारूच्या टक्क्यांची. मेअखेर हायड्रोमीटर ४७.५ दाखवत होता, रविवारी ४६. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं, म्हणून जोर चढतो. दमट हवेत पाण्याला बाहेर जागा नसते, अल्कोहोल मात्र जातच राहतं, म्हणून जोर उतरतो. हे वाचलेलं होतं, पण एकाच पिंपात, एकाच कोपऱ्यात दोन्ही घडताना पाहिलं तेव्हा डोक्यात बसलं. एक सावधगिरी: पोर्टची साखर व्हिस्कीत उतरली की हायड्रोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. त्यामुळे माझे आकडे चढ-उतार सांगतात, नेमका टक्का नाही.

पिंपातून अशी उडून जाणारी व्हिस्की म्हणजे 'देवदूतांचा वाटा'. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत १०-१२ टक्के. त्यांनी आपल्या ८ वर्षांच्या बाटलीचं नावच 'ग्रीडी एंजल्स' (हावरे देवदूत) ठेवलं, वाटा कसला, दरोडाच तो. म्हणून लेबलवरचा वयाचा आकडा पाहून आपल्याकडच्या माल्टला 'कोवळी' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, वजनाची वही पुढे करतो.

पण माझ्या वहीचाही गैरअर्थ नको. ३ लिटरच्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग २०० लिटरच्या बॅरलच्या चौपट. रंग आणि तुरटपणा भराभर येतो. हवेशी हळूहळू होणारी देवघेव मात्र त्या पटीत पळत नाही. तिसऱ्या आठवड्यात चव झकास होती: काळ्या मनुका, पिकलेलं जांभूळ, मागे ब्रिलियन्सचा मध. जुलैत जांभूळ गेलं, बी राहिली. आता दालचिनी, लवंग आणि सरळ दातण चावल्यासारखं ओलं लाकूड. एप्रिलमध्येच काढायला हवी होती. चूक माझीच, आकड्यांच्या नादात जिभेकडे दुर्लक्ष.

हेच मला हल्लीच्या 'फिनिश'च्या, म्हणजे तयार व्हिस्की शेवटी दुसऱ्या पिंपात मुरवण्याच्या, लाटेबद्दलही वाटतं. स्कॉटलंडच्या बाल्व्हेनी डिस्टिलरीच्या डेव्हिड स्ट्युअर्टनी १९८०च्या दशकात दोन पिंपांचा हा खेळ सुरू केला तेव्हा शेरी या स्पॅनिश वाइनच्या वाहतुकीची जुनी पिंपं मिळत होती. १९८६ नंतर शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद व्हायला लागली, तो झरा आटला. आज 'शेरी कास्क' म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कीसाठीच शेरी भरून तयार केलेलं पिंप. म्हणजे मी जानेवारीत जे केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. त्यात कमीपणा नाही, पण जुन्या तळघराच्या गोष्टी सांगून किंमत वाढवू नये. २०१९ पासून स्कॉचला टकीला, तिचीच धुरकट बहीण मेझकाल आणि फ्रान्सची सफरचंदाची ब्रँडी काल्व्हाडोस यांची पिंपंही खुली झाली. मेझकालची एक चाखली. धूर कोणाचा तेच कळेना.

मला त्यापेक्षा एसटीआर जास्त पटतं: जुनं वाइनचं पिंप आतून तासायचं, भाजायचं, पुन्हा जाळायचं. व्हिस्कीतज्ज्ञ डॉ. जिम स्वान यांनी हे रूढ केलं, आणि तैवानच्या उकाड्यात कावालान डिस्टिलरीने ते गाजवून दाखवलं. तासल्याने शिळी वाइन जाते, खाली ताजं लाकूड लागतं.

आपल्याकडच्या नव्या माल्टपैकी हरियाणाची इंद्री त्रिनी दुसऱ्यांदा घेतली. बर्बन, फ्रेंच वाइन, पीएक्स (गोड) शेरी अशी तीन पिंपं, तरी कोणी कोणाच्या डोक्यावर बसत नाही. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीची क्रेझी कॉक व्हिस्की अजून उघडायची आहे. रेअर आणि धुआ, दोन्ही आणल्यात. चिकूच्या गावातल्या खाऱ्या हवेचं पिंपावर काय होतं, याची उत्सुकता आहे, कारण तिथे मे महिनासुद्धा माझ्या कोपऱ्याइतका कोरडा नसणार.

पिंप रिकामं ठेवलं तर फळ्या सुटतील, म्हणून त्याच संध्याकाळी पुन्हा भरलं. या वेळी पोर्ट नाही, नुसती ब्रिलियन्स. वजन ५,११० ग्रॅम. चव दर रविवारी, काट्याच्या आधी.