हजेरीपट मराठीत वाचला तेव्हा : सोशल ऑडिटमधला माझा अनुभव

कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यात रोजगार हमीवर जाणाऱ्या बऱ्याच बायकांना बाजारापुरतं कन्नड येतं. पण सोशल ऑडिटचा, म्हणजे कामाचा आणि मजुरीचा हिशेब गावासमोर तपासण्याचा, अहवाल कोणी भराभर कन्नडमधून वाचायला लागलं, की त्या पदर सावरून गप्प बसतात. ज्यांच्या मजुरीचा हिशेब तपासायचा त्याच गप्प राहिल्या, तर ऑडिट झालं असं मी तरी म्हणणार नाही.

मी बचत गटातली. शाळा मराठीत झाली, कन्नड लिहावाचायला नंतर शिकले. त्यामुळे 2024 साली सोशल ऑडिटसाठी ग्राम संपन्मूल व्यक्ती, म्हणजे गावोगावी पडताळणी करणारी साधन व्यक्ती, म्हणून माझी निवड झाली. आपल्याच पंचायतीत नेमत नाहीत, दुसरीकडे पाठवतात. हे बरोबरच आहे. भावकीतल्या माणसाला सगळ्यांसमोर हिशेब विचारणं कठीण जातं.

तेव्हाच्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 नुसार हे ऑडिट करण्याचा अधिकार ग्रामसभेचा होता. आम्ही फक्त तिच्यासाठी पडताळणी करायचो. त्याची पद्धत 2011 च्या नियमांत होती, आणि ते नियम केंद्राने कॅगशी, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांशी, सल्लामसलत करून केले होते. दर सहा महिन्यांनी ऑडिट व्हायला हवं होतं आणि सभेच्या किमान 15 दिवस आधी सगळी कागदपत्रं मिळायला हवी होती.

आम्हाला ती तुकड्या-तुकड्यानं मिळाली. आज मंजुरीचे आदेश, दोन दिवसांनी बिलं. एमबी, म्हणजे कामाचं मोजमाप लिहिलेली वही, तर "इंजिनियरकडे आहे" एवढंच ऐकायला मिळायचं. शेवटी न मिळालेल्या कागदांची यादी लिहून दिली आणि पोच घेतली. तोंडी मागण्यापेक्षा त्या पोचेचा उपयोग झाला, वही आली.

मग जागेवर जाऊन मोजणी. इथला पाऊस वेगळा. उन्हाळ्यात खणलेले चर जुलैत गाळानं भरून जातात, त्यामुळे खोली कमी भरली म्हणून लगेच चोरी म्हणता येत नाही. लांबी मात्र गाळानं कमी होत नाही. एका कामाची लांबीच वहीपेक्षा कमी निघाली. तिथं माहिती फलकही नव्हता.

खरं काम घरोघरी असतं. जॉब कार्ड, पासबुक आणि हजेरीपट तिन्ही शेजारी ठेवून बघायचं. एका आजींच्या नावावर पूर्ण आठवडा हजेरी होती, रोज 349 रुपयांप्रमाणे मजुरी जमा. जॉब कार्ड मात्र कोरं. आजी म्हणाल्या, "मी तवा लेकीच्या बाळंतपणाला चंदगडला गेल्ते की." पैसे गेले कुठं? हळूहळू आठवलं. कुणीतरी येऊन "सरकारचे पैसे आलेत" म्हणून मशीनवर अंगठा लावून घेतला होता आणि थोडे हातावर ठेवून बाकीचे नेले होते. 2023 पासून ॲपवर दिवसातून दोनदा कामावरचा फोटो चढवावा लागायचा. त्या आठवड्याचे फोटो काढून बघितले, तर हजेरीतल्या नावांपेक्षा माणसं कमी.

आजींना मी विचारलं, सभेत बोलाल का? त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" मला त्याचं फार वाईट वाटलं. त्यांच्याइतकं त्यातलं दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

सभेच्या अध्यक्षस्थानी गावकऱ्यांनी पंचायतीशी संबंध नसलेले एक निवृत्त गुरुजी बसवले होते. अहवाल कन्नडमधून सुरू झाला तेव्हा मी त्यांची परवानगी मागितली : हजेरीपट एकेक नाव घेऊन मराठीत वाचू द्या. कुणीतरी म्हणालं, वेळ जाईल. गुरुजी म्हणाले, जाऊ दे. मी वाचत गेले : नाव, काम, किती दिवस, किती रुपये. चौथ्या-पाचव्या नावाला मागून आवाज आला, "ह्या कामाला मी गेलेच न्हाई!" मग दुसरी उठली. आजी उठल्या आणि चंदगडचं सगळं सांगितलं. पंचायतीकडून उत्तर आलं की नावात गल्लत झाली असेल. बायकांनी ते मानलं नाही. गुरुजींनी प्रत्येकीचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घेतलं आणि त्यांच्या सह्या-अंगठे घेतले. वसुलीची शिफारस झाली.

शिफारस झाली म्हणजे पैसे आले असं नाही. आजींच्या मजुरीची रक्कम भरल्याची पावती मी नंतर पाहिली. चराच्या लांबीचा आक्षेप अजून प्रलंबित आहे. त्यासाठी गावातल्याच एका तरुणानं माहिती अधिकारात अर्ज केलाय. शुल्क 10 रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून त्यानं फक्त त्या एका कामाची एमबी आणि कारवाईचा अहवाल मागितलाय. पुढच्या सभेत अहवाल मराठीतूनही वाचावा, अशी मागणी बायकांनी स्वतः लेखी दिली आहे. तिचा मसुदा त्यांनी सांगितला, मी फक्त लिहून घेतला.