आजीला कळेल आणि धाकट्यालाही: आमच्या घरच्या प्रार्थनेचं वाचन

रविवारी उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर हमखास कुणीतरी विचारतं, "घरच्या प्रार्थनेला तुम्ही काय वाचता गं? मुलं बसतात का?" उभ्या उभ्या दोन नावं सांगून होतात, तेवढ्यात कुणाची तरी रिक्षा येते. म्हणून एकदा निवांत सगळं लिहून काढतेय.

आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघं, अकरावीतली लेक आणि चौथीतला धाकटा. सासूबाई नगरकडच्या. त्यांची प्रार्थना, वचनं, गाणी सगळी मराठीतून. मुलं इंग्रजी माध्यमातली. मराठी बोलतात झकास, पण पानभर मराठी वाचायचं म्हटलं की अडखळतात. ह्यांच्या कंपनीत शिफ्टा, त्यामुळे रोज सगळे एका वेळी घरात असतीलच असं नाही. पण असलो की रात्री जेवणानंतर एकत्र बसतो. त्या बैठकीला काय आणायचं, याची माझी एकच कसोटी: आजीला कळलं पाहिजे आणि धाकट्यालाही. एकाच घरातल्या पाच जणांनी पाच फोनवर आपापली वचनं वाचून झोपी जावं, हे मला मान्य नाही.

या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं ते ऐकायचं बायबल. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक टाईप अजून दिसत नाही आणि त्यांचं जुनं काळ्या बांधणीचं शास्त्र, म्हणजे बायबल, तर बारीक टाईपातच आहे. त्यांच्यासाठी फोनवर 'बायबल डॉट इज' घेतलं. 'फेथ कम्स बाय हिअरिंग' नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेचं हे मोफत ॲप आहे. संस्थेचं नाव बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १०व्या अध्यायातल्या १७व्या वचनावरून घेतलेलं आहे आणि शेकडो भाषांतून शास्त्र वाचून रेकॉर्ड करणं हेच तिचं काम. त्यात मराठी आहे. वायफायवर एकेक पुस्तक उतरवून ठेवायचं, मग नेट नसलं तरी चालतं. गावाला जाताना, लाईट गेल्यावर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत सासूबाई ऐकत बसतात. आमच्या बैठकीत फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा ठेवतो. आवाज मोठा येतो, वेगळा स्पीकर लागत नाही.

ऐकण्याचा मला इतका आग्रह का, ते सांगते. प्रेषित पौलाची पत्रं लिहिली गेली तीच मुळी मंडळीत, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायात, मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी, ४:१६ मध्ये, तो स्पष्ट सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. त्या मंडळीत गुलाम होते, बायका होत्या, लेकरं होती. अक्षरओळख किती जणांना असणार? सगळे ऐकत होते. फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं. ते मध्ये न थांबता एका बैठकीत ऐकून बघा. तुरुंगात बसून 'आनंद करा' म्हणणारा माणूस खोलीत येऊन बोलतोय असं वाटतं. तुकड्या-तुकड्यांत वाचताना मला ते कधी जाणवलं नव्हतं.

वाचायला 'यूव्हर्जन' हे बायबल ॲप. २००८ साली ओक्लाहोमातल्या एका चर्चनं ते सुरू केलं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. मराठीच्या एकाहून जास्त आवृत्त्या त्यात आहेत. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची जी आवृत्ती आपण चर्चमध्ये वाचतो, ती पाठांतरासाठी. २३वं स्तोत्र धाकट्यानं तीच ऐकून पाठ केलं, कारण आजीच्या तोंडी तेच शब्द आहेत आणि दोघांना एका सुरात म्हणता आलं पाहिजे. गोष्टीचा भाग असेल तर सोप्या मराठीतली आवृत्ती लावतो, शमुवेलाची पुस्तकं वगैरे. लेक आणि तिच्या संडे स्कूलच्या मैत्रिणी एकच वाचन-योजना मिळून करतात, कुणाचा दिवस चुकला ते एकमेकींना दिसतं. त्या वयात मैत्रीण वाचतेय म्हणून वाचलं तरी मला चालतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या पुस्तकाकडे येते: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्काचा काळ कधीच संपलाय आणि पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. तरी छापील प्रत घरात ठेवाच, हाताळायला बरी पडते. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, नवऱ्यानं, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीच तिला लिहायला-वाचायला शिकवलं, आणि तिनं लिहिलं ते बोलल्यासारखं. म्हणून ते मोठ्यानं वाचायचं पुस्तक आहे. मी वाचते, बाकीचे ऐकतात. सासूबाईंच्या मांडीवर बहुतेक वेळा तांदूळ निवडायचं सूप असतं.

टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली, मुंबईत. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. तो भाग वाचत होते तेव्हा लेक एकदम म्हणाली, "आधी बायकोला विचारायला नको होतं का त्यांनी? असा कसा निर्णय घेतला?" सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "विचारलं असतं तर तिनं जाऊ दिलं असतं का?" "मग तिचं काय?" "तिचं काय ते तिनंच लिहिलंय की. ऐक पुढं." त्या रात्री अकरा वाजेपर्यंत वाचन चाललं. नवऱ्यावर रागावलेली, रडलेली, तरी त्याची थोरवी ओळखणारी बाई एका पानात दिसते. श्रद्धेसाठी घरच्यांनी काय किंमत मोजली हे मुलांना एवढ्या खरेपणानं सांगणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. आपल्याकडे साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची हकीकत, द्यायची म्हटली की अंधार आणि उजेड दोनच रंग वापरतात. लक्ष्मीबाई मधलेही सगळे रंग दाखवतात. सोवळ्याचं वेड असलेल्या बापाच्या घरात वाढलेली ही मुलगी. राहुरीला असताना विचार करता करता एके दिवशी तिच्या मनातून जात गळून पडते, तो प्रसंग आम्ही दोनदा वाचला. आमच्या मंडळ्यांतही लग्न जुळवताना जात हळूच विचारली जाते. ती पानं प्रत्येक ख्रिस्ती घरात मोठ्यानं वाचली जावीत असं मला फार वाटतं.

धाकट्याला आवडते ती रेल्वेची गोष्ट. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा माणूस भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि त्यानं नवा करार हातात देऊन सांगितलं की दोन वर्षांच्या आत तू ख्रिस्ती होशील. टिळकांनी वाचायला सुरुवात केली ती येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. तो माणूस कोण होता ते त्यांना कधीच कळलं नाही. धाकटा अजून विचारतो, "पण त्याचं नाव काय होतं?" ही हकीकत विन्स्लो यांच्या १९२३च्या इंग्रजी टिळकचरित्रात आहे. 'इंटरनेट आर्काइव्ह'वर त्याची स्कॅन प्रत मिळते.

तिथंच पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली साक्षही शोधा. छोटी पुस्तिका आहे. ती लेक वाचते आणि आजीला मराठीत सांगते, त्यामुळे दोघींचा अर्धा-पाऊण तास छान जातो. आईवडिलांबरोबरची तीर्थयात्रा, १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावणं, मग भावाबरोबर देशभर पायपीट. बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणायचं म्हणून त्या दोन्ही भाषा शिकल्या, आणि ते छापलं केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. पुण्याहून दौंडच्या गाडीनं केडगाव जवळ आहे. मुलांना एकदा घेऊन जा, मग पुस्तक वेगळं वाचलं जातं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'तला जन्माचा भाग काढतो. इंग्लंडचा हा जेझुइट संघाचा कॅथलिक धर्मगुरू गोव्यात आला आणि १६१६ साली त्यानं ओव्यांत ख्रिस्तकथा छापली, तीही रोमन लिपीत. देवनागरीत ती शांताराम बंडेलूंनी १९५६ साली आणली. भाषा जुनी आहे, सगळं कळत नाही. ओवी चालीवर म्हटली की सासूबाई मात्र डोलतात, आणि धाकट्याला मराठीत येशूची गोष्ट इंग्रजी राज्याहूनही जुनी आहे हे कळतं. शाळेत कुणी 'तुमचा धर्म इंग्रजांचा' म्हणालं तर त्याच्याजवळ आता उत्तर आहे.

आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी कॅथलिक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आमच्या कपाटात आहे आणि संदर्भाला मी ते वारंवार काढते. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा सासूबाई टीव्हीसमोरून उठल्या नव्हत्या. २०२४ साली ते गेले. त्यांची मराठी भाषणं यूट्यूबवर आहेत, घरात सगळ्यांनी मिळून ऐकावीत अशी.

गाण्यांसाठी वेगळं काही लागत नाही. यूट्यूबवर 'उपासना संगीत' हे आपल्या चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकाचं नाव आणि गीताची पहिली ओळ टाकली की पेटी-तबल्यावर म्हटलेलं बहुतेक सापडतं. मी मुद्दाम साधं, मंडळीनं म्हटलेलं निवडते. कीबोर्डच्या गडगडाटात आजीचा सूर हरवतो.

मुलांचं म्हणाल तर लेक 'बायबलप्रोजेक्ट'चे व्हिडिओ बघते. पोर्टलंडच्या दोन मित्रांनी २०१४ साली सुरू केलेलं हे काम. बायबलच्या एकेका पुस्तकाचा आराखडा पाच-दहा मिनिटांत चित्रं काढत समजावतात आणि सगळं मोफत. ईयोब किंवा प्रकटीकरणासारखं पुस्तक सुरू करण्याआधी आम्ही सगळे तो व्हिडिओ बघतो, मधे मधे थांबवून मी मराठीत सांगते. धाकट्याला 'ॲडव्हेंचर्स इन ओडिसी' ही १९८७ पासून चाललेली इंग्रजी श्राव्य नाटकं आवडतात, शाळेतून आल्यावर दूध पिताना ऐकतो. आणि १९७९चा 'जीझस' चित्रपट तर मराठीत आहेच, लूकच्या शुभवर्तमानावरून केलेला. आमच्या लहानपणी गावात पडदा बांधून दाखवायचे, आता फोनवर मिळतो. वधस्तंभाचा भाग लहान लेकरांना एकटं बघू देऊ नका.

संसार आणि मुलं वाढवणं यावरची ख्रिस्ती संकेतस्थळं बहुतेक अमेरिकेची. मोबाईल किती द्यावा, मुलांशी कसं बोलावं, यावर त्यांत चांगलं सापडतं. पण दोन खोल्यांत सासू, सून, मुलं आणि रात्रपाळीहून आलेला माणूस एकत्र राहतात, त्या घराला तिथं जागा नाही. त्यासाठी मी बायबलमधली नीतिसूत्रे आणि आमच्या पाळकीणबाई, दोघींकडे जाते.

दोन गोष्टी घरात येऊ देत नाही. 'एवढ्या जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल' असला व्हॉट्सॲप संदेश, आणि प्रार्थनेच्या शेवटी खात्याचा नंबर दाखवून बरं करण्याची हमी देणारा उपदेशक. दुखणाईत माणूस असलेल्या घराला हे लोक नेमके गाठतात, म्हणून मी यात कडक आहे. नवं काही आलं की बोलणारा कोण, कुठल्या मंडळीला जबाबदार आहे ते बघते आणि त्यानं घेतलेल्या एका वचनाऐवजी तो सगळा अध्याय मुलांना मोठ्यानं वाचायला लावते. वचन कुठून तोडून आणलंय ते लेकीला आता पटकन कळतं.

एक गोष्ट मला अजून मनासारखी मिळालेली नाही: सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी सावकाश, स्वच्छ मराठीत सांगितलेल्या जुन्या करारातल्या गोष्टी, मागे दणदणीत संगीत नसलेल्या. कुणाच्या माहितीत असतील तर मला सांगा. तोवर सासूबाईंच्या तोंडून योसेफाची गोष्ट फोनवर रेकॉर्ड करायला घेतलीय. मिसरात भाऊ धान्य मागायला येतात तिथवर आलोय.