तारवातली धाकटी सून

बायबलच्या गोष्टींवर किशोरांसाठी अद्भुत कादंबरी लिहायची म्हटलं, की बहुतेकांचा हात आधी मोशे, दावीद, शमशोन यांच्याकडे जातो आणि गाडी तिथेच रुतते. ज्यांच्यावर शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, पानंच्या पानं आहेत, त्यांच्यात आपल्याला लिहायला जागा उरतेच किती? त्यापेक्षा ज्यांना नावसुद्धा नाही, ती माणसं शोधा. 2 राजे या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अरामी सेनापती नामानाच्या घरी धरून आणलेली इस्राएली पोर एकच वाक्य बोलते आणि पुन्हा दिसत नाही. बापाच्या नवसात सापडलेली इफ्ताहाची लेक दोन महिने मैत्रिणींबरोबर डोंगरात राहते; तिथे काय घडलं याची एक ओळ नाही. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे आणणारा मुलगा फक्त योहानाच्या शुभवर्तमानात भेटतो. आणि नोहाच्या तीन सुना! जगबुडी पहिल्या थेंबापासून पाहिली, पण तोंडी एक शब्द नाही.

धाकटी सून घ्या. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती 9:24 मध्ये, नोहाच्या मुलांत धाकटा म्हणून रोख हामकडे आहे, म्हणजे ती हामची बायको. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

पहिला नियम: शास्त्रात जिथे आकडा आहे, तिथे तो हलवायचा नाही. कल्पना सगळी कोऱ्या जागेत. नोहाचं तारू, म्हणजे जहाज, 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच, तीन मजले, कडेला एकच दार, आतून-बाहेरून डांबर. हात 45 सेंटिमीटरचा धरला तर लांबी 135 मीटर भरते. हे कागदावर आखून घ्या आणि सुनेची झोपायची जागा कुठल्या मजल्यावर, दारापासून किती पावलांवर, ते ठरवा. नाहीतर तिसऱ्या प्रकरणात तळमजल्यावर बांधलेले बैल आठव्यात वर येतात, आणि चौदा वर्षांचा वाचक ते बरोबर पकडतो.

तिथीही तशीच सांभाळायची. आत जाणं दुसऱ्या महिन्याच्या 17 तारखेला, बाहेर येणं पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या 27 तारखेला. पाऊस त्यातले 40 दिवस. बहुतेक खर्डे इथेच फसतात: सगळा जोर पावसावर, आणि पाऊस थांबला की कबूतर उडवून गोष्ट संपवायची. खरी कादंबरी पावसानंतरच्या महिन्यांत आहे. चारा संपत चाललाय, शेणाचा वास अंगात मुरलाय, जावा एकमेकींशी बोलत नाहीत, तारू अराराटच्या डोंगरावर टेकलंय तरी दार उघडत नाही. कबुतराच्या तीन फेऱ्यांमध्ये सात-सात दिवसांचं अंतर आहे. ते आठवडे भरून काढा.

पुराचं माप काय असतं हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठी पात्रातल्या मूर्तीकडे बघत एकच प्रश्न: दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. उत्पत्ती म्हणते पाणी डोंगरांच्याही वर 15 हात चढलं, पण त्या आकड्याने पोटात गोळा येत नाही. सुनेच्या माहेरच्या वेशीवर अशीच एक खूण उभी करा. पहिल्या प्रकरणात ती धाकट्या भावाला त्या दगडावर बसवते. पुढे पाणी त्याच दगडावरून मोजत न्यायचं.

आता अद्भुत. शास्त्रात चमत्कार माणसाच्या खिशात नसतो. तो बोलावणं आलं की घडतो आणि त्याला अट असते. शमशोनाची ताकद नुसती केसांत नाही, नाजीर व्रतात, म्हणजे देवाला वाहून घेतल्याच्या नेमात आहे: मद्य नाही, वस्तरा नाही, प्रेताला शिवायचं नाही. मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यातला मध खातो तिथेच त्या व्रताला तडा जातो, केस तर फार पुढे जातात. मराठी वाचकाच्या कानात ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ आधीपासून आहे. म्हणून नायिकेला शक्ती देऊ नका, वसा द्या. शक्ती दिली की पाचव्या प्रकरणानंतर तिला अडवायला काही उरत नाही.

बोली घरचीच ठेवा, नावं मात्र मराठी शास्त्रातली: नोहा, शेम, तारू. बायबलची कथा ओवीत सांगणारं फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 सालचं, तेव्हा बायबल मराठी वळणाने सांगणं आपल्याला नवं नाही. उत्पत्ती 7:16 मध्ये दार परमेश्वर लावतो. तो प्रसंग दोन वाक्यांत होतो:

“मामंजी, दार कुणी लावलं?”

“मी नाही.”

पुढे वर्णन नको. देवदूत नको, उजेड नको.

शेवटाकडे सगळ्यात जास्त काळजी घ्या. पुरानंतर नोहा द्राक्षमळा लावतो, पिऊन पडतो, आणि हामच्या चुकीपायी शाप देतो तो कनानाला. कनान म्हणजे हामचा, आपल्या धाकट्या सुनेचा मुलगा. शाप हामला नाही आणि कातडीच्या रंगाबद्दल तिथे एक अक्षर नाही. तरी गुलामगिरीच्या पाठीराख्यांनी शेकडो वर्षं आफ्रिकी माणसांना हामचे वंशज ठरवून हेच वचन त्यांच्यावर चालवलं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात आपल्याच नाशिकमधल्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर इंग्लंडला गेला. नाशिकमध्ये बसून हा प्रसंग लिहिणाऱ्याने एक विशेषणही सैल टाकू नये.

शापाच्या वेळी कनान केवढा होता, ते शास्त्र सांगत नाही. हामच्या मुलांत त्याचं नाव शेवटी येतं. त्याला आईच्या कडेवर ठेवा, आणि मामंजी बोलायला लागले की तिला त्याचे कान झाकू द्या.