उसाच्या चिपाडापासून सुपरकॅपॅसिटरचा इलेक्ट्रोड, माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला सुपरकॅपॅसिटरचा (पटकन चार्ज होणारं, वीज साठवणारं उपकरण) इलेक्ट्रोड, म्हणजे त्यातली चार्ज धरणारी पट्टी, करायला मी उसाची चिपाडं घेतली, आमच्या करवीर तालुक्यात गुऱ्हाळं आहेत, चिपाडं तिथं चुलवाणात जळणालाच जातात, पोतंभर मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. पेपर वाचले की वाटतं सगळी करामत भट्टीची आहे, पण मला विचाराल तर कपॅसिटन्सचा आकडा (एक ग्रॅम मटेरियल दर व्होल्टला किती चार्ज साठवतं तो) खरा येणार की खोटा हे भट्टीनंतरच्या धुण्यात आणि वजनात ठरतं, म्हणून तेच जास्त लिहिते.

भट्टीचं थोडक्यात सांगते. चिपाडं धुवून, कडक वाळवून, मिक्सरला बारीक करून ट्यूब फर्नेसमध्ये नायट्रोजन सोडून ५०० डिग्रीला कोळसा केला, हवा लागली तर नुसती राख उरते. मग वजनाच्या तिप्पट केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) मिसळून परत ८०० डिग्रीला. तिथं केओएच कार्बनला खातं, पोटॅशियम कार्बोनेट होतं, हायड्रोजन निघतो, आणि सुटलेलं पोटॅशियम कार्बनच्या थरांत घुसून ते फाकवतं, छिद्रं पडतात ती अशी. भट्टीत माल ठेवायची बोट (होडीसारखं छोटं भांडं) निकेलची घ्या, ॲल्युमिना ह्या सिरॅमिकची असली तर केओएच ती कुरतडतं. ट्यूब पूर्ण गार होईपर्यंत नायट्रोजन बंद करायचा नाही, आणि पहिलं पाणी फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणारं कपाट), गॉगल घालून, थेंबाथेंबानं, कारण पोटॅशियम धातू आत उरलेला असला तर पाण्यानं पेट घेतो.

आता धुणं. बरीचशी छिद्रं २ नॅनोमीटरच्याही आतली आणि ती क्षारांनी बुजलेली असतात. उसात सिलिका असते, केओएचमुळे तिचं पाण्यात विरघळणारं सिलिकेट होतं, म्हणून आधी भरपूर गरम पाणी आणि मगच डायल्यूट एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड), थेट ॲसिड ओतलं तर सिलिका जेल होऊन तिथंच बसते. ॲसिडनं उरलेलं कार्बोनेट फसफसून जातं. मग डिस्टिल्ड वॉटर. पीएच पेपर न्यूट्रल दाखवतो म्हणून थांबू नका, गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका, पांढरं झालं तर क्लोराइड अजून आहे. ह्याला कंटाळा येतो खरा, पण आत राहिलेलं मीठ छिद्र पण अडवतं आणि वजनात पण मोजलं जातं.

इलेक्ट्रोडला ८० टक्के कार्बन, १० कार्बन ब्लॅक (वीज नीट वाहावी म्हणून), १० पीव्हीडीएफ (चिकटवणारं पॉलिमर), एनएमपी ह्या सॉल्व्हंटमध्ये घोटून निकेल फोमवर (स्पंजसारखी निकेलची जाळी) लावलं, रात्रभर वाळवलं. इथं वजन जीव तोडून करा. १ मिलिग्रॅम मटेरियल असेल आणि काटा ०.१ नं चुकला तर फॅरड प्रति ग्रॅमचा आकडा तिथंच १० टक्के हलतो! गोगोत्सी आणि सिमॉन ह्या संशोधकांनी २०११ मध्ये सायन्स ह्या जर्नलमध्ये वजनाबद्दलच आणखी एक मुद्दा मांडलाय, पातळ थरावरचे मोठे आकडे खऱ्या डिव्हाइसबद्दल फार काही सांगत नाहीत, कमर्शियल इलेक्ट्रोडवर साधारण १० मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असतं.

टेस्टिंग ६ मोलर केओएचच्या द्रावणात, मर्क्युरी-मर्क्युरी ऑक्साइडच्या रेफरन्स इलेक्ट्रोडवर (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात) उणे १ ते ० व्होल्ट. त्याच्या बरंच वर गेलात तर निकेलचे स्वतःचे पीक (आलेखात करंटचे उंचवटे) येतात आणि ते कार्बनच्या नावावर जमा होतात, म्हणून कोऱ्या फोमचा पण सीव्ही (व्होल्टेज वरखाली फिरवत करंट मोजायचा आलेख) काढून ठेवा. आणि दोन इलेक्ट्रोडचा सेल जोडून बघाच, तिथं दोन्ही बाजूंचं वजन धरलं की तोच आकडा साधारण पावपट दिसतो, घाबरू नका, रिपोर्टात दोन्ही आकडे लिहा आणि कुठला कशाचा ते शेजारीच नमूद करा.