एका मताचा हिशेब: मतदान केंद्राध्यक्ष म्हणून माझा अनुभव

नागपूरच्या एका शाळेत मी आठवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. राज्यशासनाचा पाठ आला की विधानसभेचे २८८ सदस्य, पाच वर्षांची मुदत, पंचवीस वर्षे पूर्ण झालेला उमेदवार आणि अठरा वर्षे पूर्ण झालेला मतदार हे सारे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले आहे. ही माहिती खरी असली तरी ती सभागृहाच्या दारापाशी थांबते. त्या दारापर्यंत माणूस कसा पोचतो, हे मला २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक झाली तेव्हा कळले.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या पत्त्यावर नेमणुकीचा आदेश आला. मतदान २० नोव्हेंबरला, संपूर्ण राज्यात एकाच दिवशी, आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला होणार होती. नागपूर जिल्ह्यात बारा मतदारसंघ आहेत आणि त्यांतले सहा शहरात आहेत : दक्षिण पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर. बारांपैकी नागपूर उत्तर आणि ग्रामीण भागातला उमरेड हे अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. राज्यात अशा राखीव जागा २९ आहेत, तर अनुसूचित जमातींसाठी २५. मला कोणत्या मतदारसंघात पाठवणार हे आदेशात नव्हते. कर्मचाऱ्यांची संगणकावर टप्प्याटप्प्याने सरमिसळ होते, आणि केंद्र कोणते हे मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य घेतानाच कळते. आपले पथक कुठे बसणार हे कोणालाही आधी ठाऊक नसावे, हा त्यामागचा हेतू आहे. सुरुवातीला मला ही अनिश्चितता जाचक वाटली. पुढे तिचे मोल पटले.

पहिल्या प्रशिक्षणात सभागृह इतके भरले होते की मागच्या रांगेतून मला यंत्र दिसलेसुद्धा नाही. दुसऱ्या प्रशिक्षणाला मी तासभर आधी जाऊन पुढे बसले आणि कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याकडचा भाग), बॅलट युनिट (मतदाराने बटण दाबायचा भाग) आणि व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारे यंत्र) यांची जोडणी स्वतःच्या हाताने तीनदा केली. ज्यांना पुढे कधी ही नेमणूक येईल त्यांना माझे हेच सांगणे आहे की पुस्तिका घरी वाचता येते, यंत्र मात्र तिथेच हाताळून घ्यावे. त्याच प्रशिक्षणात टपाली मतपत्रिकेसाठी नमुना १२ भरून दिला, कारण ज्या दिवशी मी इतरांचे मतदान घेणार होते त्या दिवशी माझ्या स्वतःच्या केंद्रावर जाणे शक्य नव्हते. सुविधा केंद्रावर जाऊन मी माझे मत आधीच दिले.

१९ तारखेला साहित्य मिळाले. शहरातल्याच दुसऱ्या एका मतदारसंघातली शाळा आमच्या वाट्याला आली होती. पथकात मी आणि तीन मतदान अधिकारी होतो. एकाकडे मतदारयादीची चिन्हांकित प्रत, दुसरीकडे शाई, मतदार नोंदवही आणि चिठ्ठी, तिसऱ्याकडे कंट्रोल युनिट. संध्याकाळी वर्गखोलीतले बाक सरकवून आम्ही मतदान कक्ष अशा कोपऱ्यात लावला की खिडकीतून कोणाला आत दिसू नये आणि दिव्याचा थेट उजेड व्हीव्हीपॅटवर पडू नये. रात्री झोप अशी लागलीच नाही.

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी घेणारे मतदान, सुरू करायचा असतो, म्हणजे मतदानाच्या वेळेच्या दीड तास आधी. नोव्हेंबरातली नागपूरची थंडी होती, आणि साडेपाचला उमेदवारांचा एकच मतदान प्रतिनिधी हजर होता. अशा वेळी पंधरा मिनिटे वाट पाहावी असा नियम आहे. तेवढ्यात आणखी दोघे आले. किमान ५० मते द्यायची, ‘नोटा’सह (म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’) प्रत्येक बटणावर द्यायची, आणि यंत्राने दाखवलेला निकाल व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहायचा. त्यासाठी बटणे क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने दाबायची. यातले ‘क्लिअर’ विसरले तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात, आणि ही चूक लक्षात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मी तो क्रम तळहातावर लिहून ठेवला होता. शून्य दिसल्यावर प्रत्येक प्रतिनिधीला ते स्वतः पाहायला लावले, चाचणीच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात बंद केल्या, हिरव्या कागदी मोहोरेवर सह्या घेतल्या, आणि सात वाजता पहिला मतदार आत आला. एका प्रतिनिधीने आमच्यासाठी पोहे मागवतो असे आपुलकीने म्हटले होते. त्यांना मी नम्रपणे नाही म्हटले आणि डब्यातली दशमी खाल्ली, कारण त्या दिवशी कोणाचेही काही घेऊ नये असे मला मनापासून वाटत होते.

सकाळच्या कामाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. दर दोन तासांनी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना आकडे कळवायचे, रांग सरळ ठेवायची, अंध मतदाराच्या सोबत्याकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचे. खरा प्रसंग दुपारी एकच्या सुमारास घडला. साठीच्या पुढचे एक गृहस्थ आले. यादीत नाव सापडले, बोटाला शाई लागली, नोंदवहीत त्यांनी सही केली, आणि मग ते माझ्या टेबलापाशी येऊन शांतपणे म्हणाले, “मॅडम, मला मत द्यायचे नाही. मी येऊन गेलो एवढे नोंदवून घ्या.”

मी त्यांना सांगितले की यंत्रावर शेवटचे बटण ‘नोटा’चे आहे आणि ते दाबल्याचे कोणालाही कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून ही सोय झाली आहे. ते म्हणाले, “ते ठाऊक आहे. पण नोटा हे मतच झाले ना?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. ‘नोटा’ यंत्रात मोजले जाते आणि गुप्त राहते. नोंदवहीत सही केल्यावर मत द्यायला नकार देणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी नियम ४९-ओ आहे. मी नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहिले आणि त्यापुढे त्यांची सही घेतली. कारण विचारण्याचा मला अधिकार नव्हता आणि त्यांनीही ते सांगितले नाही. रांग वाढली होती. पुढचा मतदार आला, आणि तासाभरात मी तो प्रसंग विसरून गेले.

सहा वाजता दारात अजून रांग होती. अशा वेळी शेवटच्या माणसापासून पुढे सह्या केलेल्या चिठ्ठ्या वाटत यावे लागते, म्हणजे सहानंतर आलेला कोणी मागे उभा राहू शकत नाही. शेवटचा मतदार बाहेर पडल्यावर मी क्लोज बटण दाबले आणि पडद्यावरचा एकूण आकडा मोठ्याने वाचला. नोंदवहीतला शेवटचा क्रमांक त्याहून एकाने जास्त होता.

माझ्या पोटात गोळा आला. एक माणूस मत न देता निसटला का, की तिसऱ्या अधिकाऱ्याचे कोणासाठी बटण दाबायचे राहिले? प्रतिनिधी वाकून पाहू लागले. दुसऱ्या मतदान अधिकारी, ज्या एका प्राथमिक शाळेत शिकवतात, एकही शब्द न बोलता नोंदवही मागून पुढे चाळू लागल्या आणि दुपारच्या पानावर त्यांनी बोट ठेवले. तिथे माझ्याच अक्षरातला शेरा होता.

सतरा-सी हा केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा नमुना मी आधी अनेकदा वाचला होता, पण तो अशा रीतीने का रचला आहे हे मला त्या क्षणी उमगले. नोंदवहीप्रमाणे आलेले मतदार किती, त्यांतून ४९-ओ खाली मत न दिलेले किती, गुप्ततेचा भंग केल्यामुळे मत देऊ न दिलेले किती, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी चुकीची असल्याची मतदाराने तक्रार केल्यावर घेतलेली आणि वजा करायची चाचणी मते किती, आणि यंत्रात नोंदलेली मते किती, असे एकेक रकाने पुढे येतात आणि शेवटी हे सारे जुळते का असा सरळ प्रश्न येतो. त्या गृहस्थांसाठी तिथे एक घर आधीपासून रिकामे ठेवलेले होते. मी त्यात १ लिहिला आणि हिशेब जुळला. या नमुन्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यावी लागते, आणि मोजणीच्या दिवशी त्याच केंद्राचे यंत्र टेबलावर आले की तो आकडा प्रतीशी ताडता येतो. शिवाय प्रत्येक मतदारसंघातली पाच केंद्रे सोडतीने निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. साहित्य जमा करून मी मध्यरात्रीनंतर घरी पोचले.

मोजणीत ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते न मिळालेल्या उमेदवाराची अनामत जप्त होते. असे २८८ निकाल एकत्र येतात तेव्हा सभागृह उभे राहते आणि १४५ हा बहुमताचा आकडा ठरतो. १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेत २६४ जागा होत्या, १९६७ पासून २७०, आणि १९७८ पासून २८८. त्यांतल्या ६२ विदर्भात आहेत.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या शब्दातून आलेली ही प्रथा आहे, आणि ज्या इमारतीत ते भरते तिथे नागपूर राजधानी असताना जुन्या मध्य प्रदेशाची विधानसभा बसत असे. एका आमदारांच्या शिफारशीवरून प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला. पिशवी आणि फोन बाहेर ठेवून, दोन ठिकाणी तपासणी होऊन मी वर जाऊन बसले. समोर अध्यक्षांचे आसन, त्यांच्या उजवीकडे सत्तारूढ बाक, डावीकडे विरोधी. मंत्री किती असावेत यालाही मर्यादा आहे : मुख्यमंत्र्यांसह एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्के, म्हणजे इथे ४३. गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एक दशांश सदस्य पुरतात. बाकांवर त्याहून बरेच जास्त होते, पण सगळे नव्हते.

मग एक प्रस्ताव मताला टाकला गेला. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. दोन्हीकडून आवाज आले आणि आसनावरून ‘होय’चे बहुमत आहे असे जाहीर झाले. मला क्षणभर अस्वस्थ वाटले. एका केंद्रावर एका माणसाचा फरक शोधण्यासाठी आम्ही नोंदवही पान पान चाळली होती आणि इथे तर कोणी मोजलेच नाही. शेजारी बसलेल्या एका वयस्कर पत्रकारांना मी हे विचारले. त्यांनी सांगितले की आवाजी मतदान हे वाद नसतो तेव्हाचे असते. कोणाही सदस्याने मतविभाजन मागितले की घंटा वाजते, दारे बंद होतात आणि मोजणी होते. शिंदे सरकारच्या ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावाला मुंबईत अशीच शिरगणती झाली, सदस्य एकेक करून उभे राहिले, आणि १६४ विरुद्ध ९९ असा आकडा आला.

आता राज्यशासनाचा पाठ आला की मी सतरा-सीचे रकाने फळ्यावर काढते, नोंदवहीत आणि यंत्रात एकाचा फरक टाकते आणि मुलांना तो माणूस कुठे गेला असेल ते शोधायला सांगते. मागच्या वेळी एका मुलीने विचारले, “बाई, तो माणूस मत देणार नव्हता तर रांगेत उभा का राहिला?” त्यावर आठवीच्या त्या वर्गात पूर्ण तास चर्चा झाली.